कळसूत्री बाहुली आणि मुलाचे ‘नको’

‘कळसूत्री बाहुली’ हा शब्द मराठी माणूस बाहुलीपेक्षा माणसाविषयी अधिक वेळा वापरतो. ज्याला स्वतःचे मत नाही, जो दुसऱ्याच्या इच्छेने हलतो, दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो, त्याला आपण कळसूत्री बाहुले म्हणतो. ही प्रतिमा जुनी आहे. ज्ञानेश्वरीत या बाहुल्यासाठी ‘साइखडे’ असा शब्द येतो आणि तेथेही दृष्टान्ताचा रोख हाच आहे, की बाहुले हलते, पण हलण्याचे कर्तृत्व त्याचे नसते. संतांना हा दृष्टान्त जीवाचा कर्तेपणाचा अहंकार गाळण्यासाठी उपयोगी पडला. व्यवहारात मात्र तो पराधीनतेचा पर्यायशब्द होऊन बसला. संस्कृत नाटकातील ‘सूत्रधार’ हा मुळात बाहुलीचे सूत्र धरणारा असावा, असे मत पिशेल या जर्मन पंडिताने मांडले होते. ते वादग्रस्त राहिले. परंतु त्यामागची जाणीव खोटी नव्हती. बाहुलीचा खेळ पाहताना आपल्या मनात कुठेतरी सूत्र धरणाऱ्या हाताचा विचार असतोच.

आता याच बाहुलीवर एक वेगळे काम सोपवले गेले आहे. शाळेच्या सभागृहात, अंगणवाडीत, झोपडवस्तीतल्या समाजमंदिरात ती मुलांपुढे उभी राहते आणि सांगते : तुझे शरीर तुझे आहे; नकोसे वाटले तर ‘नको’ म्हण; समोरचा वडीलधारा असला तरी म्हण. जिची स्वतःची मान दोरीने हलते, तिने मुलाला स्वाधीनतेचा पाठ द्यावा, हा विरोधाभास वरवर गमतीचा वाटेल. माझ्या मते या संपूर्ण नाट्यप्रकाराचे यशापयश त्याच्याच सोडवणुकीवर अवलंबून आहे.

गेल्या काही दशकांत भारतात बाहुलीनाट्याची ही शाखा बरीच फोफावली. स्वच्छता, लसीकरण, मुलींचे शिक्षण, बालविवाह, व्यसन, एड्स, रस्त्यावरची सुरक्षितता आणि अलीकडे बालकांचे लैंगिक शोषण असे तिचे विषय. प्रयोग पुष्कळ झाले, परंतु त्यांची समीक्षा जवळजवळ झाली नाही. ते ‘उद्बोधन’ असल्यामुळे साहित्यविचाराने त्यांना बाहेर ठेवले आणि ‘मुलांचे’ असल्यामुळे नाट्यसमीक्षेने त्यांच्याकडे कौतुकाने पाहून पाठ फिरवली. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या प्रश्नावर फडके आणि खांडेकर यांच्या पिढीने एवढी शाई खर्च केली. पण बालरंगभूमीच्या या कोपऱ्यात तो वाद कधी पोहोचलाच नाही. परिणामी, अशा प्रयोगाबद्दल लिहायचे म्हणजे प्रयोग किती झाले, मुले किती जमली आणि पाहुणे कोण होते, हे लिहायचे, अशी रीत पडली. नाटक म्हणून ते उभे राहिले का, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. तो विचारायला हवा, कारण येथे कलात्मक चुकीची किंमत कलाकाराला मोजावी लागत नाही. ती प्रेक्षकात बसलेल्या एखाद्या मुलाला मोजावी लागते.

या प्रयोगांचा एक साचा ठरून गेला आहे. एक गोड मुलगी असते. ती एकटी चालली असते. मिशाळ, काळा चष्मा लावलेला एक अनोळखी माणूस चॉकलेट दाखवतो. मुलगी जवळजवळ फसते, एवढ्यात बाई किंवा पोलीसदादा येतात. दुष्टाला मार बसतो, मुले टाळ्या पिटतात. मग एक बाहुली पुढे येऊन विचारते, ‘काय शिकलात?’ आणि सभागृह एका सुरात उत्तर देते. प्रयोग संपतो, सर्वांना समाधान वाटते.

या साच्यात दोन दोष आहेत आणि दोन्ही परस्परांशी बांधलेले आहेत. पहिला सत्याचा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण अनुभवल्याचे सांगितले आणि शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा त्याच्या विश्वासातले होते. हे वाचल्यावर तो काळ्या चष्म्याचा माणूस रंगमंचावर कशासाठी उभा असतो, असा प्रश्न पडतो. तो तेथे मुलांसाठी नसून आपल्यासाठी असतो. संकट घराबाहेरून येते असे दाखवले, की काका, शिकवणीचे सर, शेजारी, वाहनाचा चालक या सर्वांची अब्रू सुरक्षित राहते. मूल मात्र चुकीच्या दिशेला तोंड करून पहारा देत बसते.

दुसरा दोष रचनेचा आहे. सभागृहाने एका सुरात दिलेले उत्तर ही आज्ञाधारकपणाची खूण असते. मुलाला शिकवायचे आहे ‘नको’ म्हणायला, आणि त्याच्याकडून वदवून घेतला जातो ‘हो’. वर्गात पाढे म्हणावेत तसे ते ‘आम्ही अनोळखी माणसाबरोबर जाणार नाही’ असे म्हणते. मोठ्यांनी सांगितले म्हणून ऐकण्याची सवय हीच ज्या संकटाची वाट आहे, ते संकट टाळण्यासाठी पुन्हा तीच सवय घटवली जाते. येथे बाहुली खरोखरच कळसूत्री ठरते आणि तिच्याबरोबर सभागृहातील मुलेही.

मग बाहुलीचे खरे सामर्थ्य कशात आहे? माझ्या समजुतीप्रमाणे ते तिच्या अज्ञानात आहे. बाहुली मुलापेक्षा लहान असते, आणि हे लहानपण केवळ उंचीचे नसते. तिला मागून येणारा वाघ दिसत नाही, तो मुलाला दिसतो. मूल ओरडते, ‘मागे बघ!’ जगातल्या बहुतेक बाहुलीखेळांत हा क्षण असतो आणि तो कुणी शिकवावा लागत नाही. एरवी ज्याला सगळे सांगतात, ते मूल या क्षणी सांगणारे होते. त्याचे ज्ञान उपयोगी पडते, त्याच्या ओरडण्याने कथा वळते. माणूस-नटाच्या बाबतीत हे सहसा घडत नाही. तो मोठा असतो, त्याला सारे ठाऊकच असणार, असे मुलाला वाटते. म्हणून जी बाहुली उपदेश करते ती आपले एकमेव भांडवल उधळते. तिने विचारायचे असते, चुकायचे असते, गोंधळायचे असते.

या तत्त्वाचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या दूरचित्रवाणी मालिकेत सापडते. तिच्यात दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२च्या डिसेंबरात वारले. निर्मात्यांपुढे सोपा मार्ग होता : हूपर गावाला गेले असे सांगावे, किंवा दुसरा नट आणावा. त्यांनी तसे केले नाही. १९८३च्या नोव्हेंबरात प्रसारित झालेल्या भागात बिग बर्ड हा अवाढव्य पिवळा पक्षी सर्वांची चित्रे काढून आणतो आणि हूपर यांचे चित्र त्यांना स्वतः द्यायला निघतो. ते आता नाहीत, परत येणार नाहीत, हे मोठी माणसे त्याला समजावतात. त्याला ते पटत नाही. असे का, हा त्याचा प्रश्न संपत नाही आणि मोठ्यांपाशीही त्याचे उत्तर नसते. मृत्यूवरचा याहून प्रामाणिक पाठ मुलांसाठी क्वचितच रचला गेला असेल. त्याचे श्रेय पक्ष्याच्या न समजण्याला आहे. पाहणाऱ्या मुलाचा गोंधळ त्याने आपल्या अंगावर घेतला आणि त्या गोंधळाला प्रतिष्ठा दिली.

याच मालिकेच्या दक्षिण आफ्रिकी आवृत्तीत २००२ साली कामी नावाची बाहुली आली. ती पाच वर्षांची, अनाथ आणि एचआयव्ही-बाधित. त्या देशात तेव्हा या आजाराने घरेच्या घरे ओस पडत होती आणि त्याविषयी बोलणे लज्जास्पद मानले जात होते. कामी इतरांबरोबर खेळते, हेच तिच्या असण्याचे सार. तिच्याशी खेळायला हरकत नाही, असे वाक्य शंभरदा बोलून जे साधले नसते, ते तिला खेळात घेऊन साधले. २००६ साली सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’ या भारतीय आवृत्तीतील चमकीचेही तसेच. शाळेच्या गणवेशातली, चौकस, दोन वेण्या घातलेली ही मुलगी मुलींना शिकवा असे भाषण करीत नाही. ती शाळेत जाते, प्रश्न विचारते, आणि मुलीने असे असणे हे काही विशेष नाही असे गृहीत धरून वागते. बोध जेव्हा गृहीतकात जिरतो तेव्हाच तो कलेत बसतो.

दूरचित्रवाणीच्या या बाहुल्यांना मोठ्या संस्थांचे, संशोधकांचे पाठबळ होते. आपल्या परंपरागत कलावंतांची स्थिती निराळी. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला जपल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. राजाश्रय गेला, चित्रपट आला, आणि अनेक घरांतल्या पोथ्या व बाहुल्या माळ्यावर पडल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभारून त्या वाचवल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी हा सन्मान केरळचे रामचंद्र पुलवर यांनाही मिळाला. त्यांचे तोलपावकूत्तु हे छायानाट्य भद्रकालीच्या देवळालगत बांधलेल्या कायमच्या कूत्तुमाडात, एकवीस दिव्यांच्या उजेडात, रात्र-रात्र चालते. कंबरामायणाची कथा तेथे देवीसाठी सांगितली जाते, कारण दारिकासुराशी लढण्यात गुंतल्यामुळे तिला राम-रावणाचे युद्ध पाहता आले नव्हते. समोर माणूस नसला तरी खेळ थांबत नाही. याच पुलवरांनी ही कला देवळाबाहेर आणून गांधींची कथाही सावल्यांतून सांगितली.

येथे एक मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. देवीसाठी केलेला खेळ कुणी पाहिला नाही तरी पूर्ण होतो. मुलासाठी केलेला खेळ मूल बोलल्यावाचून पूर्ण होत नाही. म्हणून परंपरेतली बाहुली उचलून तिच्या हाती नवा विषय दिला की काम झाले, असे होत नाही. एखाद्या खात्याकडून किंवा संस्थेकडून छापील संहिता येते, विषय ठरलेला, वाक्ये ठरलेली, वेळ वीस मिनिटे. ज्या कलावंताच्या घरात समोरचे गाव पाहून कथा लांबवण्या-आखडण्याची, हजरजबाबी विनोद करण्याची विद्या पिढ्यान्पिढ्या चालत आली, तो अशा वेळी निरोप्या होतो. त्याला मानधन मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे; पण त्याचे सूत्र दुसऱ्याच्या हाती जाते. मुलांना स्वाधीनता शिकवणारा खेळ पराधीन कलावंताकडून करून घेण्यातली विसंगती आयोजकांच्या लक्षात येत नाही.

परंपरेकडे या बाबतीत देण्यासारखे बरेच आहे. आंध्रच्या तोलुबोम्मलाटातील केतिगाडु, जुट्टुपोलिगाडु आणि बंगारक्का ही विनोदी पात्रे पौराणिक कथेच्या मध्येच घुसून थोरामोठ्यांची टर उडवतात. राजापुढे जे माणसाला बोलता येत नाही ते बाहुलीला बोलता येते, कारण चामड्याला शिक्षा कोण करणार? ही मुभा राजस्थानातील तिलोनियाच्या संस्थेने ओळखली. १९७२ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत जोखिम चाचा नावाची बाहुली आहे. वय तीनशे वर्षे, असे मोठ्या गांभीर्याने सांगितले जाते. गावातली भांडणे मिटवायला, पाण्यावर आणि मजुरीवर बोलायला हा चाचा पुढे होतो. त्याच्या बोलण्याचे लक्ष्य मुले नसून त्यांच्याबरोबर बसलेली मोठी माणसे असतात. आपल्या जुन्या बाहुलीखेळांना ‘मुलांसाठी’ असा वेगळा प्रेक्षक नव्हताच. सारे गाव एकत्र बसे. आपण मुलांना वेगळे काढून सभागृहात बसवले आणि मोठ्यांना बाहेर चहा प्यायला मोकळे सोडले.

याचे प्रत्यंतर मला काही वर्षांपूर्वी एका शाळेत आले. प्रयोग बरा होता, साच्यापेक्षा चांगला. त्रास देणारा ओळखीचाच होता, आणि बाहुली शेवटी धीर करून आईला सांगते, एवढ्यावर पडदा पडत होता. मुले बाहुल्या पाहायला मागे गेली. सातआठ वर्षांची एक मुलगी हातबाहुलीचा फ्रॉक सारखा करीत होती. तिने खेळ करणाऱ्या बाईंना विचारले, ‘मग हिच्या आईने ऐकलं का?’ बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ऐकलं हं, ऐकलं.’ मुलगी काही बोलली नाही. संहितेत त्याविषयी एकही वाक्य नव्हते. मुलाने बोलावे इथपर्यंतच नाटक लिहिले गेले होते. बोलल्यानंतर काय, हे लिहिणे कुणाला सुचले नव्हते.

त्या प्रश्नात या नाट्यप्रकाराची सर्वांत मोठी उणीव साठलेली आहे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला. असा अपराध ठाऊक असलेल्या प्रत्येकाने तो कळवलाच पाहिजे, असे बंधन तो घालतो आणि न कळवल्यास शिक्षा सांगतो; मुलाला मात्र या शिक्षेतून वगळतो. म्हणजे कायद्याने जबाबदारी मोठ्यांवर टाकली. आपल्या नाटकांनी ती उचलून मुलाच्या खांद्यावर ठेवली. तू ओळख, तू ओरड, तू पळ, तू सांग. मूल ओरडले नाही तर? भीतीने गप्प राहिले तर? प्रयोग पाहून घरी गेलेल्या आणि तरीही ‘नको’ म्हणू न शकलेल्या मुलाच्या मनात अपराधाची भावना पेरणारी संहिता ही साधी फसलेली संहिता नव्हे. ती अपाय करणारी आहे.

या दृष्टीने मीना नाईक यांच्या ‘वाटेवरती काचा गं’ या मराठी नाटकाचा निर्देश केला पाहिजे. बाललैंगिक शोषणाचा विषय मराठी रंगमंचावर उघडपणे आणताना त्यांनी बाहुल्यांचा आधार घेतला. जे नटाच्या देहाने दाखवणे असह्य आणि अनुचित ठरले असते, ते बाहुलीच्या देहातून सुचवता येते. अंतर राहते, पण अर्थ निसटत नाही. मला विशेष वाटते ते शीर्षकाचे. काचा वाटेवर आहेत. त्या चालणाऱ्याने टाकलेल्या नाहीत, आणि पाय रक्ताळला तर तो चालण्याचा दोष नव्हे. मुलाला निर्दोष ठरवणारी ही भूमिका एका साध्या, गाण्यासारख्या ओळीत येते. ‘गं’ हा संबोधनाचा लडिवाळ शब्दही बोलणाऱ्याला उपदेशकाच्या उंचीवरून खाली, मैत्रिणीच्या पातळीवर आणतो.

भाषेचा प्रश्न येथे ओघानेच येतो. आपले बहुतेक प्रयोग ऐन प्रसंगी ‘गुड टच’ आणि ‘बॅड टच’ या इंग्रजी शब्दांचा आडोसा घेतात. शरीराच्या अवयवांना घरात जी नावे आहेत ती व्यासपीठावर उच्चारता येत नाहीत आणि जी संस्कृतप्रचुर आहेत ती मुलांना कळत नाहीत. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे शब्दही निर्णयाचे आहेत. काय वाईट ते मोठ्यांनी ठरवायचे असते, अशी मुलाची समजूत असते. मराठीपाशी ‘नकोसा’ हा अतिशय अचूक शब्द आहे. नकोसे काय, हे ज्याचे त्यालाच ठरवता येते. त्यासाठी बाहेरच्या प्रमाणपत्राची गरज लागत नाही. अर्थात पुष्कळदा मुलाला त्या वेळी काही वाईट वाटतही नाही, केवळ गोंधळ वाटतो, किंवा लाड झाल्यासारखे वाटते. म्हणूनच कोणीही ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हटले तर ते सांगायचेच, ही खूण अधिक भरवशाची. न सांगण्याची शपथ घालणारे पात्र आणि ती शपथ पोटात ठेवून आजारी पडणारी बाहुली, एवढ्यावर एक चांगले नाटक उभे राहू शकेल.

आरंभी मांडलेल्या विरोधाभासाकडे पुन्हा येतो. त्याची सोडवणूक मला सर्वांत स्पष्टपणे दिसते ती दादी पदमजी यांच्या कार्यात. पुण्यात जन्मलेल्या या कलावंताने १९८६ साली दिल्लीत ‘इशारा’ ही संस्था स्थापन केली आणि पुढे, २००८ साली, बाहुलीकारांच्या ‘युनिमा’ या जागतिक संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या सलाम बालक ट्रस्टच्या मुलांना त्यांनी बाहुल्या दाखवण्यापाशी न थांबता त्या मुलांच्या हाती दिल्या. व्यसन, एड्स यांविषयीचे खेळ ज्यांनी हे सारे जवळून पाहिले त्यांनीच करायचे. हातात बाहुली असलेले मूल स्वतःचे नाव न घेता स्वतःविषयी बोलू शकते. ‘माझ्या बाबतीत असे झाले’ हे वाक्य ज्याच्या घशात अडकते, तो ‘याच्या बाबतीत असे झाले’ हे सहज सांगतो. येथे सूत्र मुलाच्या हाती येते. ज्या प्रतिमेचा अर्थ शतकानुशतके पराधीनता असा होता, ती प्रतिमा उलटी होते आणि मूल सूत्रधार बनते.

असे प्रयोग कमी असतात, कारण त्यांना वेळ लागतो, आणि मूल काय बोलेल याची आगाऊ हमी देता येत नाही. परंतु या नाट्यप्रकाराला कला म्हणून आणि संरक्षण म्हणून एकाच वेळी उतरायचे असेल, तर त्याने ही अनिश्चितता पत्करली पाहिजे. बाहुलीने कमी जाणावे, मुलाने अधिक बोलावे, आणि प्रेक्षकांत पुढच्या रांगेत आईबाप, शिक्षक, शेजारी बसलेले असावेत. त्या मुलीचा प्रश्न मुळात त्यांनाच होता. संहितेत त्याचे उत्तर लिहिणे सोपे आहे. आईने ऐकले, असे एक वाक्य पुरे. ते वाक्य खरे करून दाखवणे मात्र बाहुलीच्या हातात नाही.